मंगळवारचा कप्पा

गोळ्यांच्या डबीत मंगळवार अजून तसाच आहे.
सोमवार रिकामा, बुधवार रिकामा,
मध्ये हा एक पांढरा ठिपका,
पडायचा राहून गेलेल्या दुधाच्या दातासारखा.

लेउवार्डनच्या इस्पितळातून शुक्रवारी फोन आला.
नर्स म्हणाली, अँजिओग्राफीच्या दिवशी सकाळी
रक्तदाबाची गोळी देऊ नका.
सोमवारी भरती करताना तरणा डॉक्टर म्हणाला,
घेतली तरी चालते, नाही घेतली तरी चालते,
दोन्ही बाजूंनी अभ्यास झालेत,
एकमत नाही.
मी विचारलं, एकमत होईपर्यंत
कोण थांबणार, माझा नवरा की त्याचं हृदय?
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

वीब्रनने एकतीस वर्षं लेमरला
पाण्याचे दरवाजे राखले.
आत किती, बाहेर किती, वारा कुठून,
दर दोन तासांनी, शाईने, जाड वहीत.
आमच्याकडे जमीन पाण्याच्या खाली आहे.
कुणीतरी जागं आहे
एवढ्या भरवशावर गाव झोपतं.

त्याला समजावं म्हणून डॉक्टर हिल्केमांनी
पाकिटाच्या पाठीवर मूत्रपिंड काढलं.
ही येणारी नळी, ही जाणारी, मध्ये गाळणी.
तुमची गोळी जाणारीचं दार सैल करते,
गाळणीवरचा दाब उतरतो, एरवी ते भल्याचंच.
पण उद्या जे टोचणार आहोत
ते येणारीचं दार आवळू शकतं.
तुमची गाळणी आधीच थोडी जुनी.
वीब्रन चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला,
म्हणजे एका पाण्यावर दोन राखणदार
आणि त्यांचं आपसांत बोलणं नाही.
हिल्केमांनी पेनला टोपण लावलं.

रंग म्हणतात त्याला. रंग कसला,
नळाच्या पाण्याइतका नितळ;
पडद्यावर मात्र काळा उमटतो,
पानं झडलेल्या झाडासारखा.
एक फांदी अर्ध्यात तुटलेली दिसली, म्हणाला.
आणि ऊब. घशातून ओटीपोटापर्यंत
अशी उतरत गेली, फ्राउक्ये,
मला वाटलं मी गादी भिजवली.
हे त्याने गाडीत सांगितलं, खालच्या आवाजात,
सत्तरी उलटलेल्या माणसाने चोरी कबूल करावी तसं.

फांदी जोडली. स्प्रिंग बसली.
छातीचं काम निस्तरलं,
बिल खालच्या मजल्यावर गेलं.

आता न्हाणीघरात इस्पितळाचं मापाचं भांडं आहे
आणि त्याशेजारी ती जाड वही,
निवृत्तीच्या दिवशी तिची बावीस पानं कोरी उरली होती.
बुधवार. दोन वाजून दहा. दोनशे वीस. फिकट.
वारा नैर्ऋत्य.
वाऱ्याचं काय काम, मी म्हटलं.
तो म्हणाला, सवय.

आज गुरुवार. रक्त दिलं, दुपारी आकडा आला.
क्रिएटिनिन आधी एकशे चार, आता एकशे एकोणतीस.
चढलंय, पण थोडं, हिल्केमा म्हणाल्या,
बहुतेकांचं उतरतं. सोमवारी पुन्हा बघू.
बहुतेक हा शब्द मी ओट्यावर ठेवला
आणि बटाटे सोलत बसले.
गोळी?
सोमवारपर्यंत नको.

पण संध्याकाळी दाब एकशे चौसष्ट.
एक दार लावलं की पाणी
दुसऱ्या काठाला चढतं, हे
त्याला मी काय शिकवणार?
त्याने तोही आकडा लिहिला
आणि खाली रेघ मारली, पट्टीने.

शुक्रवार, शनिवार, रविवार,
भरलेले कप्पे मी मोजले नाहीत.
डबी खिडकीत ठेवली, फुलदाणीमागे.

रात्री दोनला तो उठतो.
अंधारात मी पडून ऐकते
ती धार, बारीक, मग थांबलेली, मग पुन्हा.
भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
मग बराच वेळ काही नाही.
मी श्वास धरून असते
कागदावर पेन चालेपर्यंत.