शिक्का

वकील दाय हनियान यांचा खटला मी लिहून घेतला.
माझं काम तेवढंच: शाई वाळायच्या आत पुढची ओळ.
सूचौच्या कोर्टात त्या एप्रिलमध्ये खिडक्या सताड उघड्या,
कालव्यावरून तुतीच्या पानांचा ओला वास,
आणि बाहेर लोक टरबुजाच्या बिया सोलत उभे,
नाटकाला यावं तसे.

त्यांनी मला ओळखलं नाही. बरंच झालं.
वीस वर्षांपूर्वी याच दालनात, मागच्या बाकावर,
मी फाटक्या बुटांचा विद्यार्थी होतो
आणि ते उभे होते रेशीम गिरणीतल्या आमाओसाठी,
जिची तीन बोटं कोषांच्या उकळत्या कढईत गेली होती
आणि जिचा अंगठा
मालकाने आधीच कागदावर उठवून ठेवला होता.
"करार म्हणजे दोन मोकळ्या हातांची गाठ," ते म्हणाले होते,
"हात दुसऱ्याने धरला असेल
तर ती सही नव्हे. तो डाग आहे."
मी ते वहीत उतरवलं. मग घरी जाऊन पुन्हा एकदा,
चांगल्या अक्षरात.

युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात शत्रू कालव्यांतून आला.
महापौर गेले, न्यायाधीश गेले,
बँकेचा मॅनेजर तर पिंजऱ्यातल्या पाखरांसकट गेला.
दाय गेले नाहीत.
आईचं अर्धं अंग लुळं होतं म्हणतात.
पुस्तकं हलवणं जिवावर आलं, असंही म्हणतात.
तरुणपणी तोक्योत शिकलेली भाषा जिभेवर होतीच;
ती शोधत एक मेजर दारात येऊन उभा राहिला,
बूट काढून.
बूट काढून, हे त्यांनी कोर्टात दोनदा सांगितलं.

पहिला शिक्का तांदळासाठी.
तीन हजार पोती गोदामातून सुटली.
त्या रांगेत वाडगा घेऊन मीही होतो.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
ते मीठ कोणाचं होतं,
हे आठ वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

मग दिव्यांसाठी, पुलावरच्या पासांसाठी, शाळेच्या छपरासाठी.
लाल दगडाचा छोटा शिक्का,
माथ्यावर कोरलेला क्रौंच, मान पाठीत खुपसून झोपलेला.
एकोणिसाव्या कागदावर सतरा नावं होती:
मास्तर, छापखान्यातले जुळारी, एक नावाडी.
सरकारी वकिलाने ती वाचली.
मिनिटभरही लागलं नाही.

"मी नसतो तर दुसरा कोणी बसला असता," दाय म्हणाले.
बाहेर कोणीतरी बी थुंकली.
सरकारी वकील तरुण होता, नवा कोट, जुन्या वह्या वाचून आलेला.
त्याने विचारलं,
"तुमचा हात कोणी धरला होता का?"

एका शब्दात सुटका होती.
ते वकील होते, त्यांना ठाऊक होतं.
माझी लेखणी कागदापासून बोटभर वर थांबली.
मी मनात म्हणत होतो, हो म्हणा.
"नाही," ते म्हणाले. "मेजर चहा पीत होता."

गर्दीत मी आमाओला शोधलं.
पण आमच्या गावात बोटं गेलेल्या बायका पुष्कळ.

संध्याकाळी जबानी वाचायला दिली.
चष्मा जप्त झाला होता, त्यांनी कागद नाकाशी धरला,
आणि सतरा नावांतल्या नवव्यापाशी थांबले.
"नावाड्याचं आडनाव चुकलंय," म्हणाले,
"डावीकडे पाण्याचे तीन थेंब हवेत."
मी तीन थेंब घातले.

शिक्का पुराव्याच्या पेटीत होता, म्हणून अंगठा घ्यायचा ठरलं.
त्यांचा हात फार कापत होता.
दोनदा कागद वाया गेला.
शिपाई कंटाळला, दिवे लागायची वेळ झाली होती.
शेवटी मीच त्यांचं मनगट धरलं
आणि दाबलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं,
मागच्या बाकाकडे पाहावं तसं.
काही बोलले नाहीत.
ठसा थोडा फिसकटला होता.
वरिष्ठ म्हणाले, चालेल.