ळ संपला तेव्हा

सांगलीत, खणभागातल्या त्या छापखान्यात
शिसं आणि रॉकेल यांचा वास एकत्र नांदायचा
आणि बाबालाल शिकलगार
चष्मा कपाळावर सरकवून
बोटांनीच वाचायचे.

पहिलं बाड घेऊन गेले
तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही.
म्हणाले, ठेवा.
कुणाचा कुठला खिळा संपतो
त्यावर आम्ही माणूस ओळखतो.

तासगावचे देशिंगे मास्तर,
तिसऱ्या पानालाच उद्गारचिन्हं खलास.
मग पूर्णविरामावर बारीक पट्टी उभी करून भागवायचं.
वकील आरवाडे : वाक्य सकाळी सुरू,
क्रियापद जेवून आल्यावर.
आणि कवठेमहांकाळच्या सुलाबाई, चौथी शिकलेल्या,
त्यांच्या पानाला अक्षरं उरायची,
कोरे तुकडेच पुरायचे नाहीत.
"बाई बोलायच्या कमी. पण थांबायच्या कुठं,
ते जुळवताना माझं बोट दुखायचं."

विचारलं, मुद्दाम करतात का असं?
"मुद्दाम केलेलं दोन पानं टिकतं.
मास्तरांचे वडील हळदीच्या सौद्यात पुकारा करायचे,
त्या घरात हळू कुणी बोललेलंच नाही.
बाईंचं ठाऊक नाही. विचारायचं राहिलं."

आठवड्याने प्रुफं आणायला गेले.
माझं काय संपलं?
त्यांनी केस ओढून दाखवली.
सगळ्या घरांत खिळे सारखेच,
अजून कुणी न जेवलेल्या पंगतीसारखे.
"सगळ्यांचं थोडं थोडं घेतलंय तुम्ही."
सायकल हातात धरून
मी आयर्विन पुलापर्यंत चालत आले.

मग अकरा वर्षं.
आईचं दुखणं, मिरजेच्या इस्पितळातल्या रात्री,
औषधांच्या पावत्यांमागे लिहिलेलं काहीबाही.
ती ग्लानीत बोलायची :
जळण भिजलं, गुळाला मुंगळे,
कळ आली गं, वेळ काय झाली.
मी फक्त उतरवून घेत होते,
असं मला वाटायचं.

ते छापायला दिलं
आणि एका दुपारी छापखान्यातला पोरगा दारात.
"चाचा म्हणालेत काम अडलंय. ळ संपला.
शेजारच्या प्रेसमधून उसना आणलाय,
थोडा झिजलेला आहे. चालेल?"

चालेल, म्हणाले.
त्याला पाणी द्यायचंही सुचलं नाही.

आता मोबाईलवर लिहिते.
कुठलंच अक्षर संपत नाही,
आणि संपलं तर सांगायला बाबालालचाचा नाहीत.
त्या पुस्तकात बत्तिसाव्या पानापासून
ळ जरा फिका उमटलाय.
दुसऱ्या कुणाच्या लक्षात येत नाही.