अर्धी मात्रा आधी

हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात सातच्या गोळ्या वाटत असते
आणि रेडिओवर लागतं ते गाणं, चौसष्ट सालचं,
दुसऱ्या कडव्यानंतर ज्यात टाळी पडते
अर्धी मात्रा आधी.

ती टाळी डोरीनची.

बिस्किटांच्या गोदामावरचा स्टुडिओ, माइक जिन्यात,
चौघी मुली, प्रत्येकी तीन पौंड आणि चिप्सचा पुडा.
"शिंक येत होती गं, म्हणून घाई केली."
परत घ्यायला टेप उरली नव्हती.

मग अख्खा देश तसाच चुकत राहिला:
लग्नांत, पबांत, फुटबॉलच्या गर्दीत.
गाणाऱ्यानं समुद्राकाठी घर बांधलं.
डोरीन एकतीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत.

आता लेकीचं नाव तिच्या ओठांवर येत नाही.
मला कधी सिस्टर म्हणते, कधी आई.
पण दुसरं कडवं संपत आलं की
ब्लँकेटखालून हात निघतात,
निळ्या शिरा, सैल अंगठी,

आणि मी वाटी धरून थांबते.
सांगलीच्या तबल्याच्या क्लासात
सम चुकली की बोटांवर पट्टी बसायची.
इथे मी
चुकीचीच वाट पाहते.