तिसरं नाणं

बर्नली, एकाहत्तरचा नोव्हेंबर, शनिवार.
टीव्ही भाड्याचा. त्याच्या पाठीला पत्र्याची पेटी:
नाणं पडलं की चित्र, सरलं की काळोख.
म्यूरिएल टॅटरसॉलच्या बशीत आज नाणी तीनच.

पहिलं घोड्यांवर गेलं.
मैदानात चिखल, तिचा तांबडा सहावा आला.
पैज मनातल्या मनात लावलेली,
म्हणून बुडालं काहीच नाही.

चार वाजता कुस्ती.
दोन ढेरपोटे पुरुष एकमेकांना आपटतात
आणि ही बाई, जी चर्चमध्ये खोकतसुद्धा नाही,
विणायची सुई उगारून ओरडते,
"पिरगळ मेल्याचा हात!"

मग फुटबॉलचे निकाल.
निवेदकाचा आवाज दुसऱ्या नावावर उतरला
की आकड्याआधीच कळतं कोण हरलं.
क्लिफर्डची पेन्सिल अजून टीव्हीवर, टोक काढलेली.
कुपन आता कोणी भरत नाही.
निकाल ती ऐकते तेवढे,
उभं राहून.

दुसरं नाणं रात्रीच्या करमणुकीला.
जादूगाराने चकाकत्या झग्यातली पोरगी पेटीत निजवली,
करवत कमरेपर्यंत आली,
आणि खट्.
काळ्या काचेत म्यूरिएल, दिवा, खुर्ची.

तिसरं नाणं मुठीत गरम झालेलं.
जिन्याखाली गॅसचा मीटरही उपाशी.
बराच वेळ ती मधल्या दारात थांबली.
मग किटली ठेवली.

भिंतीपलीकडे टाळ्या.
तिने चमच्याने भिंत वाजवली:
"विनिफ्रेड, जोडली का गं तिला?"
"जोडली! हात हलवतेय!"

बरं झालं, म्हणाली,
आणि साखर ढवळली.