साप्ताहिक सुट्टी

बुधवार माझा.
बाकीचे सहा दिवस धाराशिवच्या स्टँडवर
मी गाड्या पुकारते: बार्शी, भूम, कळंबमार्गे अंबाजोगाई,
जाळीच्या खिडकीआड, गालात खडीसाखर धरून.
बुधवारी कुणाशी बोलायचं नाही
हा नियम मीच केला, मीच पाळते.
येडशीला उतरताना कंडक्टर ओळखीचा निघाला,
त्यालाही नुसता हात केला.

रविवारी या घाटात पाय ठेवायला जागा नसते.
आज रामलिंगाच्या पायऱ्यांवर
एक माकडीण पिलाच्या उवा बघत बसलेली,
आणि नारळवाला दुकानातच आडवा,
तोंडावर कालचा पेपर.
श्रावणात जिथं सेल्फीसाठी ढकलाढकली होते
तो धबधबा आता दगडावरची ओली रेघ.

देवळामागची वाट धरली.
कार्तिकातलं ऊन अजून पाठीला चावतं,
सावलीत शिरलं की मात्र लगेच गार,
माठाला गाल लावल्यासारखं.
सागाची पानं अळीनं अशी खाल्लीत
की शिरा तेवढ्या राहिल्या.
एक उचलून डोळ्यांपुढं धरलं,
अख्खा डोंगर जाळीतून दिसला.
टाकून दिलं.

तरवड पिवळाधमक. सीताफळं डोळे उघडून बसलेली,
अर्धी पोपटांनी संपवलेली.
कुठंतरी सातभाईंचं भांडण चाललं होतं,
मग तेही मिटलं,
आणि माझे बूट मला ऐकू येऊ लागले.

वर पठारावर एक वनमजूर भेटला,
खांद्यावर कोयता, खाकी शर्टाला दोनच गुंड्या.
"पाणी हाय का, बाई?"
बाटली दिली. "सगळं प्या," म्हणाले.
दोन शब्द. नियम मोडला तो तेवढ्यानं.
घोट तोंडातच ठेवून तो माझ्याकडं बघत राहिला.
"तुमी स्टँडवरल्या नव्हं?
माझं नाव घेतलं व्हतं तुमी. तीन टायमाला.
बब्रुवान घोडके, मुक्काम येडशी,
जिथं असतील तिथून चौकशी खिडकीपाशी यावं,
माणसं वाट बघतायत."
"मग?"
"आलो न्हाई. खांबामागंच व्हतो. बिडी वढत."

हसला. कोण वाट बघत होतं
ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
मला तर तो दिवसही आठवेना.
रोज इतकी नावं घेते,
हरवलेली पोरं, विसरलेल्या पिशव्यांचे मालक,
पुकारलं म्हणजे पोचलं
असं धरूनच माईक बंद करते.

"त्या अंगानं उतरू नका, मोहोळ बसलंय,"
म्हणाला, आणि गवतात कमरेपर्यंत बुडून गेला.
कोयता थोडा वेळ चमकत राहिला.

मी दगडावर बसून डबा खाल्ला.
खाली तुरीला फुलं आली होती,
हायवेवरचे ट्रक मुंगीएवढे, बिनआवाजाचे.
उठताना, माईक नसताना,
एकदा हळूच पुकारून बघितलं:
बब्रुवान घोडके.
दोन सातभाई उडाले. बाकी कुणी आलं नाही.

आज गुरुवार. ओढणीत अजून कुसळं आहेत.
खिडकीत बसून एकेक उपटते आहे.
समोर चार खांब,
चौथ्यामागून थोडा धूर येतोय.
वाकून बघावं म्हणत होते,
तेवढ्यात भूमची गाडी लागली.