उदाहरण चौदा ब

बढतीच्या अर्जात विचारलंय: संशोधनाचा प्रभाव?
एकशे अठ्ठ्याऐंशी संदर्भ, मी लिहिते.
त्यातले दीडशे तरी एकाच वाक्याचे:
‘माझ्याच्यानं आता जिना चढवत नाही.’

ओसाकात कुणी त्याचा वृक्ष काढून
कर्ता दोन फांद्या खाली उतरवला.
टेक्ससमधला म्हणाला, कर्ता नाहीच मुळी.
तळटीप सगळे तीच उचलतात:
भाषक स्त्री, वय ८१, लंडन.

रेबेकाबाई अष्टमकर. गोल्डर्स ग्रीन,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
दुसऱ्या वळणावर कठडा धरून बोलल्या.
माझ्या एका हातात त्यांचे बटाटे,
दुसऱ्यात रेकॉर्डर.
‘पुन्हा म्हणाल?’ मी म्हटलं.
म्हणाल्या. धाप लागलेली, तरी दोनदा.

वर चहा घेताना
एक ‘व’ काढून वाचून दाखवलं:
‘माझ्याच्यानं जिना चढत नाही’, चालेल?
बशी खाली ठेवून हसल्या.
‘असं कोण बोलतं गं?
त्याला जिना ठाऊक नसणार.’
मी वहीत तारका काढली,
हसण्याची नोंद केली नाही.

अर्जाचा पुढचा रकाना:
सहलेखकांचा वाटा, टक्क्यांत.
‘लागू नाही’ लिहायला घेतलं,
लिहवेना.