झोपेसाठी जागा

लोक घर बघायला जातात सकाळी, उजेड कसा येतो ते बघायला.
मी गेले भर दुपारी, दोनला.
बांबोळीच्या रक्तपेढीत माझी रात्रपाळी,
मला उजेडाचं काय करायचं?

सांतिनेजला लिफ्ट. चौथा मजला,
नळाला दिवसभर पाणी, खाली दुचाकीसाठी
पिवळ्या रंगाने आखलेला चौकोन, त्यात ४०३.
खिडकीसमोर सिमितेर, पांढरे क्रूस.
एजंट घुटमळला, पडदा ओढू लागला.
म्हटलं राहू दे, शेजारी गप्प आहेत.
गप्प नव्हता तो वरचा मजला.
कुणी तरी फरशी कापत होतं.
‘दोन दिवसांचं काम,’ म्हणाला.
मागच्या आठवड्यातही दोनच दिवस उरले होते.

मळ्यात जिना. बावीस पायऱ्या, सतरावी हलते.
आल्दाबाईने हे आधीच सांगितलं,
घरातल्या तऱ्हेवाईक माणसाची ओळख करून द्यावी तसं,
आणि चावीच दिली हातात:
दुपारची मला उठवू नको, हवं तेव्हा बघून जा.
भिंतीला ओल.
दुचाकी खाडीकाठी, जागा मिळाली तर.
शिवाय पर्यटक, निळ्या दाराशी उभे.
माझा वाळत घातलेला गाऊन
कुणाच्या तरी लग्नाआधीच्या अल्बममध्ये जाणार, हे नक्की.
पण एक ते चार
तिथली कुत्रीसुद्धा भुंकायचं पुढे ढकलतात.
पलीकडच्या घरात कुणी खोकलं,
आणि खोकून झाल्यावर, मला वाटलं, जरा ओशाळलं.

हिशेब केला. स्वभावच तो,
पिशव्यांवर गट लिहिते मी, ए, बी, ओ,
जुळेल ते द्यायचं, आवडेल ते नाही.
भाडं सांतिनेजचं चार हजारांनी जास्त.
पण पावसाळ्यात भिंती कोरड्या.
रात्री साडेआठला एकटीने निघायचं, तर रस्त्यावर दिवे.
म्हातारपणी गुडघे, तर लिफ्ट.
शुक्रवारी डिपॉझिट भरलं.
पावतीवर कुडणेकरचं कुडचडकर झालेलं,
तेही दुरुस्त करून घेतलं.

मळ्याची चावी परत द्यायची राहिली होती.
लांबोडकी, गंजलेली, तिच्यामुळे पर्समध्ये कंगवा मावेना.
सोमवारी पाळी संपवून, बँक, गॅस, सगळं उरकून पोचले
तर दोन वाजलेले.
दार वाजवायला हात उचलला, खाली घेतला.
एवढ्या झोपेवर कोण वाजवणार?
चारपर्यंत थांबू म्हटलं. सतराव्या पायरीवर बसले.
ती हलली, मग तिने माझं वजन समजून घेतलं.

जाग आली पोंक-पोंकने.
गालावर पर्सच्या चेनचा वळ.
पायाशी कुणी तरी तांब्या ठेवून गेलेलं, वर बशी झाकून.
खाली सायकलवर पोदेर,
टोपलीवरचं प्लास्टिक उचलून विचारत होता,
‘कितल्यो?’
नवी का, कुठली, कुणाकडे आलीस, काही नाही.
नुसतं, कितल्यो.

चार, म्हटलं मी.
एकटीला चार पोई कशाला,
ते मला अजून सांगता येत नाही.